दहा मिनिटांत ७५ रिक्षा

मागच्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या वाचनकट्ट्यावर मी हिगुची इचियो या जपानी लेखिकेची 'जूसानया' ही कथा सांगितली. सासरी रोज अपमान गिळणारी ओसेकी चांदण्या रात्री माहेरी येते, घटस्फोट मागायचाच असं ठरवून. आई कौतुकानं चंद्रदर्शनाचे लाडू पुढे करते. बाप सगळं ऐकून घेतो आणि शेवटी तिला समजावून परत पाठवतो, कारण लहान मुलाला सोडून यावं लागेल आणि भावाची नोकरीही जावयाच्याच शब्दावर टिकलेली आहे. परतताना ती ज्या रिक्षात बसते ती ओढणारा माणूस मध्येच थांबतो, पुढे नेत नाही म्हणतो, आणि तिला कळतं की हा लहानपणीचा रोकुनोसुके, तंबाखूवाल्याचा मुलगा, ज्याच्याशी आपलं लग्न होईल असं तिला एकेकाळी वाटायचं. ती त्याच्या हातावर कागदात गुंडाळलेले थोडे पैसे ठेवते आणि दोघं दोन दिशांना जातात. कथा संपली तेव्हा पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि कुणी लगेच बोललं नाही. मग चहा आला. चहा पिताना एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्याजवळ येऊन अगदी मनापासून म्हणाले, "ताई, एवढी गरिबी ही कथा लिहिणाऱ्या मुलीच्या वाट्याला आली नसती तर हे लिहिलं गेलं असतं का? नाही ना? मग एका अर्थी बरंच झालं म्हणायचं." त्यांचे डोळे ओलावलेले होते. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी हसून कप खाली ठेवला.

ते 'बरंच झालं' अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

इचियो गेली तेव्हा २४ वर्षांची होती. क्षयानं गेली, २३ नोव्हेंबर १८९६ ला. पुढे २००४ पासून वीस वर्षं जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचा चेहरा होता. केस मागे घट्ट बांधलेले, कपाळ मोकळं, नजर किंचित बाजूला. जन्मभर उसनवारी केलेली बाई नोटेवर, याचं सगळ्यांना नवल वाटतं, तसं मलाही वाटलं होतं. पण तिची रोजनिशी वाचत गेले तसं ते नवल मागे पडलं आणि त्यातले आकडे उरले. घरभाडं, व्याज, गहाण टाकलेले किमोनो, कोणाकडून किती आणले, कोणाला किती द्यायचे. वडील गेले जुलै १८८९ मध्ये, धंद्यात सगळं घालवून. थोरला भाऊ त्याच्याआधी दीड-दोन वर्षांपूर्वीच क्षयानं गेला होता. सतरा वर्षांची नात्सु (हे तिचं खरं नाव) घराची कर्ती झाली; आई आणि धाकटी बहीण कुनिको तिच्यावर अवलंबून. ज्याच्याशी लग्न ठरल्यासारखं होतं त्यानं घराची स्थिती पाहून अंग काढून घेतलं. या तिघी टोकियोच्या होंगो भागातल्या किकुझाका नावाच्या उतारावर राहायला आल्या आणि लोकांचं शिवणटिपण आणि धुणं यावर दिवस काढायला लागल्या.

लेक टोकियोला नोकरीला आहे. तिच्याकडे गेले होते तेव्हा एका सकाळी किकुझाकाला जाऊन आले. मुख्य रस्त्यापासून खाली उतरलं की एक अरुंद बोळ लागतो, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं असा. दगडी पायऱ्या, दाराबाहेर कुंड्या, जुनी लाकडी घरं आणि मध्ये एक विहीर. आता तिच्यावर हातपंप बसवलेला आहे. आसपास माणसं राहतात म्हणून मी फार वेळ उभी राहिले नाही. पण थंडीचे दिवस होते आणि पंपाच्या लोखंडाला हात लावला तर तो बर्फासारखा गार होता, आणि मला एकदम 'ओत्सुगोमोरी'ची सुरुवात आठवली. ओमिने नावाची मोलकरीण, स्वयंपाकघर उत्तरेला, वर्षाअखेरचा बोचरा वारा, आणि रहाटाच्या विहिरीचा तो लांबच लांब दोर. ती कथा वाचताना मला वाटलं होतं की थंडीचं वर्णन लेखिकेनं छान केलंय. त्या बोळात उभी असताना कळलं की तिथं वर्णन असं काही नाहीच. पाणी ओढणाऱ्या हातांना जेवढं माहीत असतं तेवढंच तिथं लिहिलं आहे. त्याच रस्त्यावर थोडं पुढे इसेया हे सावकारी गहाणाचं दुकान होतं. त्याची इमारत अजून उभी आहे, आता एका विद्यापीठानं ती जपली आहे. पांढऱ्या गिलाव्याचं कोठार पाहिलं. नात्सुचे किमोनो इथंच ठेवले जायचे आणि हाती पैसे आले की सोडवून नेले जायचे.

'ओत्सुगोमोरी'त ओमिनेला दोन येन हवे असतात. आजारी मामाचं कर्ज आहे, वर्षाच्या शेवटच्या दिवशी व्याज भरलं नाही तर घराचं काही खरं नाही, आणि मामाचा आठ वर्षांचा मुलगा शिंपल्या विकायला हिंडतोय. मालकीण आधी हो म्हणते, मग विसरल्यासारखं करते. ओमिने लेखनपेटीच्या खणातून दोन नोटा काढते. या दोन नोटांचं वजन वाचकाच्या हाताला लागतं. मोठ्या मोठ्या कादंबऱ्यांत इस्टेटी बुडतात, तरी आपल्याला एवढं धस्स होत नाही. दोन येन म्हणजे किती हे जिला अगदी नेमकं ठाऊक होतं अशा बाईनं ते लिहिलं आहे, आणि इथं त्या गृहस्थांचं म्हणणं मला अर्धं तरी मानावंच लागतं.

उरलेलं अर्धं मात्र मला मान्य होत नाही.

तिचं शिक्षण अकराव्या वर्षी थांबलं. वर्गात पहिली होती. वडिलांना तिनं शिकावं असं वाटत होतं. आईचं म्हणणं, मुलीला फार शिकवलं तर पुढे तिचंच वाईट होतं, शिवण शिकू दे, घरकाम शिकू दे. दहा वर्षांनी रोजनिशीत ती लिहिते की मरणाचं दुःख झालं, तरी शाळा सुटलीच. एवढंच. त्या एका ओळीवर ती थांबत नाही, आणि म्हणूनच मला ती पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. त्या घरात तेव्हा पैशांची अडचण नव्हती हेही लक्षात ठेवायला हवं. तिची शाळा गरिबीनं हिरावली नव्हती, आईच्या काळजीनं हिरावली होती. (अमेरिकेहून परत येताना पंडिता रमाबाई १८८८ च्या अखेरीला जपानमध्ये थांबल्या होत्या आणि फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईला पोचून पुढल्याच महिन्यात त्यांनी शारदा सदन सुरू केलं. तेव्हा नात्सु सोळा वर्षांची होती. या दोघींची कुठं गाठ पडल्याचा प्रश्नच नाही, पण माझं मन तिकडं जातंच.)

वडिलांनी मात्र हट्ट सोडला नाही. १८८६ मध्ये त्यांनी तिला नाकाजिमा उताको यांच्या हागिनोया या काव्यशाळेत घातलं. तिथं सरदार-उमरावांच्या, मोठ्या अधिकाऱ्यांच्या लेकी यायच्या. पुढल्या फेब्रुवारीत वर्षातली पहिली काव्यबैठक होती आणि सगळ्या मुली नव्या रेशमात येणार हे ठरलेलं. नात्सुसाठी आईवडिलांनी जुनी वस्त्रं मिळवली. ती लिहिते की त्या भरजरी वस्त्रांपेक्षा आईवडिलांनी मायेनं आणलेले हे जुने कपडे मला जास्त मोलाचे वाटले. त्या दिवशी चौदा वर्षांच्या या मुलीची कविता पहिली आली. मी हे वाचते तेव्हा मला तिच्या कौतुकाइतकंच तिच्या मानेवरचं ओझं जाणवतं. सगळ्यांत जुन्या कपड्यात सगळ्यांत पुढे बसायचं.

आणि इथंच मला त्या 'बरंच झालं'चं उत्तर सापडायला लागलं. पुढची किती तरी वर्षं ती एकतीस अक्षरांच्या कविता रचत होती, जुने कवी पाठ करत होती, दरबारी गद्य नजरेखालून घालत होती. उएनोच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसायची. तिथं बायका जवळजवळ नसायच्याच, पुरुष टक लावून बघायचे, आणि ती मान खाली घालून वाचत राहायची. बाजारातल्या, कर्जदारांच्या, वेश्यांच्या कथा लिहिणारा दोनशे वर्षांपूर्वीचा साइकाकु तिनं वाचला. याच काळात हागिनोयातल्या एका थोरल्या मैत्रिणीची कादंबरी छापली गेली आणि तिला ३३ येन मिळाले ही बातमी आली. नात्सुनं ठरवलं, आपणही लिहून पैसे मिळवायचे. वृत्तपत्रात कादंबऱ्या लिहिणाऱ्या नाकाराई तोसुईकडे ती १८९१ च्या एप्रिलमध्ये शिकायला गेली, त्याच्यावर तिचं मन बसलं, लोक बोलायला लागले आणि वर्षभरात तिनं स्वतःच जाणं थांबवलं. त्या प्रेमाबद्दल लोकांनी भरपूर लिहिलं आहे. मला त्यातला फक्त एक बर्फाचा दिवस आवडतो. ती त्याच्या घरी पोचते तर तो झोपलेला. त्याला उठवायचं नाही म्हणून ती थंडीत तशीच बसून राहते, आणि मग तो ओशाळून तिच्यासाठी लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या त्या अझुकी कडधान्याचं गोड गरम सार करतो. हे तिनं इतकं सविस्तर लिहून ठेवलंय की वाफ दिसते.

लिहून पोट भरेना. जुलै १८९३ मध्ये तिघींनी किकुझाका सोडलं आणि र्युसेनजी भागात एका जोडघराचा अर्धा हिस्सा घेऊन दुकान थाटलं. झाडू, काड्यापेट्या, साबण, मुलांचा खाऊ, स्वस्त खेळणी. माल आणायला नात्सु जायची, गल्ल्यावर कुनिको बसायची. वस्ती योशिवाराच्या वेश्यावस्तीला लागून. जिथं ती राहायला आली तो रस्ता योशिवाराकडे जाणारा, आणि रात्रभर त्याच्यावरून माणसांनी ओढलेल्या रिक्षा धावत असायच्या. नव्या घरात आल्यावर तिनं काय केलं? मोजल्या. रोजनिशीत नोंद आहे: दहा मिनिटांत ७५ रिक्षा गेल्या, म्हणजे तासाला पाचशेही जात असतील.

ही नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. सामान अजून पुरतं लागलेलं नसेल. दुकानाला भांडवल नाही, ओळखीचं कुणी नाही, आई कुरकुरत असेल, डास असतील, बाहेर चाकांचा खडखडाट आणि ओढणाऱ्यांच्या आरोळ्या. आणि ही एकवीस वर्षांची मुलगी अंधारात बसून चाकं मोजतेय. गरिबीनं तिला त्या खिडकीपाशी आणून बसवलं हे खरं. पण त्या रस्त्यावर शेकडो गरीब राहत होते आणि मोजलं हिनं. सात वर्षं पानाफुलांकडे, चंद्राकडे, धुक्याकडे बघायला शिकलेली नजर होती ती. तिला कमी शब्दांत नेमकं काय टिपायचं हे कळत होतं. ती नजर दारिद्र्यानं दिलेली नव्हती. ती वडिलांच्या हट्टानं, उताकोंच्या शाळेनं आणि उएनोच्या त्या बाकांनी दिलेली होती.

माझी एक मावशी लालबागला चाळीत राहायची. लग्नाआधी तिची एक गोष्ट एका दिवाळी अंकात छापून आली होती. तो अंक आजीनं ट्रंकेत जपून ठेवला होता आणि आम्ही मुलं तो बघायला मागायचो. १९८२ च्या संपानंतर काकांची गिरणी कायमची गेली. मावशी शर्टांना काज-बटणं करायला लागली, डझनावर पैसे. चाळीतल्या सगळ्यांची पत्रं तीच लिहायची, अक्षर मोत्यासारखं. पुढे मी मोठी झाल्यावर तिला विचारलं की पुन्हा लिहिलं का नाहीस. म्हणाली, "डोकं रिकामं नसायचं गं." गरिबी माणसाला लेखक करत असती तर गिरणगावात त्या दशकात घराघरांतून कादंबऱ्या निघायला हव्या होत्या. निघाल्या नाहीत. इचियोबद्दल 'बरंच झालं' म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती एकटी असते. माझ्यासमोर तिच्या शेजारी मावशी उभी असते, दोरा दाताने तोडत.

आणि तारखा बघा ना. दुकान चालू असताना तिच्या हातून फार थोडं लिहून झालं. समोरच दुसरं दुकान निघालं, विक्री घसरली, आणि मे १८९४ मध्ये तिघींनी गाशा गुंडाळला, होंगोत एका तळ्याकाठच्या घरात गेल्या. त्यानंतर त्या वर्षाच्या डिसेंबरपासून जानेवारी १८९६ पर्यंत तिचं जे जे म्हणून मोठं लेखन आहे ते सगळं आलं: 'ओत्सुगोमोरी', 'ताकेकुराबे', 'निगोरिए', 'जूसानया', 'वाकारेमिची'. जपानी समीक्षक या काळाला चमत्काराचे चौदा महिने म्हणतात. मला त्यात चमत्कार दिसत नाही. मला दिसतं ते एवढंच, की गल्ला बंद झाला आणि सकाळ मोकळी झाली. घरात खायला तेव्हाही नव्हतं. ती कर्ज काढून, इकडून तिकडून उसने आणून त्या सकाळी विकत घेत होती. मदत मागायला एका ज्योतिष्याकडे गेली तर त्यानं ठेवलेली बाई होण्याची किंमत सांगितली. ती तिनं दिली नाही. पण 'वाकारेमिची'तली शिवणकाम करणारी ओक्यो नेमकी तीच वाट धरते, धुण्याशिवण्याला कंटाळून, आणि तिच्यावर जीव लावून बसलेला छत्रीवाल्याकडचा खुजा पोरगा तिला अडवू शकत नाही. इचियो ओक्योला दोष देत नाही. मला हा तिचा फार मोठा गुण वाटतो.

'ताकेकुराबे'वर मी फार लिहू नये, कारण सुरू झाले तर थांबायची नाही. योशिवाराच्या कडेला वाढणारी मुलं, खंदकाच्या काळ्या पाण्यात पडलेले माडीवरचे दिवे, उन्हाळ्यातली जत्रा, पोरांच्या टोळ्यांची मारामारी. चौदा वर्षांची मिदोरी, जिची बहीण तिथली नावाजलेली गणिका आहे. देवळातल्या भिक्षूचा अबोल मुलगा नोबु. पावसात तिच्याच दाराशी त्याच्या लाकडी चपलेचा बंद तुटतो. ती आतून धावत येते, लाल नक्षीच्या रेशमाचा तुकडा घेऊन, आणि बघते तर तो नोबु. एक शब्द बोलत नाही. जाळीतून तुकडा बाहेर टाकते. तो उचलत नाही. लाल कापड चिखलात भिजत राहतं. पुढे नोव्हेंबरच्या जत्रेच्या दिवशी मिदोरी केस मोठ्या बाईसारखे बांधून येते आणि त्यानंतर मुलांत खेळत नाही. तिला काय झालं यावर जपानमध्ये अजून वाद आहे. ती वयात आली, की तिचा सौदा झाला? इचियोनं सांगितलं नाही. दुकानात खाऊ घ्यायला येणारी जी पोरं होती, त्यांच्यातल्या मुली एक दिवस यायच्या बंद होत असतील, आणि गल्ल्यामागच्या बाईला कोण कशाला कारण सांगेल.

'निगोरिए'तल्या ओरिकीची आठवण मात्र सांगते. दारूच्या गुत्त्यातली ही बाई, सगळ्यांत हसरी, एका गिऱ्हाइकाला लहानपणचं सांगते. सात वर्षांची असताना कडाक्याच्या थंडीत थोडे पैसे देऊन तिला तांदूळ आणायला धाडलं होतं. तांदूळ घेऊन येताना गोठलेल्या गटाराच्या फळीवर पाय घसरला आणि तांदूळ खालच्या घाण पाण्यात गेले. घरी जायची हिंमत होईना, रडत तिथंच उभी राहिली. आई शोधत आली. त्या रात्री घरात कुणी तिला रागावलं नाही, कुणी काही बोललंच नाही. मला वाटतं भुकेबद्दल याहून खरं काही मी वाचलेलं नाही.

कीर्ती आली ती एप्रिल १८९६ मध्ये. मोरी ओगाई, कोदा रोहान यांच्यासारख्या दिग्गजांनी 'ताकेकुराबे'वर स्तुतीचा वर्षाव केला. ओगाईंनी तर लिहिलं की लोक मला इचियोचा भक्त म्हणून हसले तरी चालेल, मी तिला खरी कवी म्हणणार. घरी माणसांची रीघ लागली. ती रोजनिशीत लिहिते की दहातले नऊ जण बाई लिहिते याचं अप्रूप म्हणून येतात. घसा तेव्हाच बसायला लागला होता. ओगाईंच्या शब्दाखातर मोठे डॉक्टर येऊन बघून गेले, पण उशीर झाला होता. भावाला ज्या आजारानं नेलं त्याच आजारानं तिला नेलं, अपुऱ्या जेवणाच्या, थंड खोल्यांच्या वर्षांनंतर. म्हणजे गरिबीनं दिलं काय याचा हिशोब मांडायचाच तर तिनं नेलं काय तेही मांडावं लागेल: पंचवीस ते साठ या वयातली इचियो. त्या बाईनं कसं लिहिलं असतं हे मला फार वाटून जातं. जुन्या भाषेतच लिहीत राहिली असती की बोलीकडे वळली असती? रशियाशी लढाई झाली तेव्हा काय म्हणाली असती? तोसुईवर अखेर एकदा सविस्तर लिहिलं असतं?

तिच्या वह्या आपल्याला मिळाल्या त्या कुनिकोमुळे. जाळून टाक असं थोरलीनं सांगितलं होतं म्हणतात. धाकटीनं ऐकलं नाही. कर्ज डोक्यावर होतं, दोन वर्षांत आईही गेली, तरी तिनं कागदाचा कपटा टाकला नाही, कच्चे मसुदे, हिशोब, कवितांचे चिटोरे, सगळं ठेवलं. रोजनिशी १९१२ मध्ये छापली गेली. र्युसेनच्या स्मारक संग्रहालयात, वस्तीतल्या लोकांच्या पुढाकारानं १९६१ मध्ये उभ्या राहिलेल्या, ते वाहतं, न थांबता उतरत जाणारं अक्षर काचेखाली बघायला मिळतं. मला एक अक्षर वाचता आलं नाही, लेक एखादा शब्द लावून सांगत होती. कुनिकोनं पुढे लेखनसाहित्याचं दुकान चालवलं, संसार केला, मुलं वाढवली, १९२६ मध्ये गेली. तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवं, आणि जपानी येणाऱ्या कुणीतरी ते थेट तिथल्या कागदांवरून मराठीत लिहावं. पुण्यात दरवर्षी एवढी मुलं जपानी शिकतात. त्यांतल्या एखाद्या मुलीनं कंपनीच्या भाषांतरांतून सवड काढून आधी 'निगोरिए' हाती घ्यावी, एवढं माझं मागणं आहे.